दोन हजार वीस मतांचा फरक

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

धुळ्याहून मालेगावच्या दिशेने निघालं की मुंबई-आग्रा रस्त्यावर लळिंगचा किल्ला लागतो. तिथल्या जंगलात एक जुना बंगला आहे, लांडोर बंगला. दरवर्षी ३१ जुलैला तिथे खानदेशातल्या गावागावांतून माणसं येतात. पाऊस असो की ऊन, बायकापोरांसह येतात आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अभिवादन करून परततात. कारण असं, की ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले होते आणि या बंगल्यात थांबले होते. ही गोष्ट आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते.

पण त्याच वर्षीची दुसरी एक गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. धुळ्याला आले तेव्हा बाबासाहेब मुंबई विधिमंडळाचे निवडून आलेले सभासद होते. त्याआधी पाच-सहा महिन्यांपूर्वी, फेब्रुवारी १९३७ मध्ये, निवडणूक झाली होती. बाबासाहेब मुंबईच्या गिरणगावातून, भायखळा-परळ भागातून, स्वतंत्र मजूर पक्षातर्फे उभे होते. त्यांना १३,२४५ मतं पडली. त्यांच्याविरुद्ध काँग्रेसने उभ्या केलेल्या उमेदवाराला ११,२२५ मतं पडली. फरक फक्त दोन हजार वीस मतांचा. बाबासाहेबांसारख्या माणसाला इतकी चुरशीची लढत देणारा हा उमेदवार वकील नव्हता, पुढारी नव्हता, गिरणीमालक तर नव्हताच. तो साठी गाठलेला, निवृत्त झालेला क्रिकेटचा गोलंदाज होता. त्याचं नाव पालवणकर बाळू.

आज मला त्यांच्याविषयी बोलायचं आहे. विषय खेळाचा आहे, पण नुसता खेळाचा नाही.

पालवणकर घराणं मूळचं कोकणातल्या पालवण गावचं, जातीने चर्मकार. बाळूंचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. वडील लष्कराच्या चाकरीत होते, त्यामुळे बालपण पुण्यात गेलं. लष्करातले गोरे अधिकारी क्रिकेट खेळत. त्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. पुढे गणपत आणि विठ्ठल हे आणखी दोन भाऊही मोठे खेळाडू झाले. एका घरातून चार भाऊ वरच्या दर्जाचं क्रिकेट खेळले, असं उदाहरण आपल्याकडे क्वचितच सापडेल.

पण सुरुवात खेळाडू म्हणून झाली नाही. ती झाली झाडलोटीपासून. पुण्यात पारशी मंडळींचा एक क्लब होता. तिथे मैदान झाडायचं आणि खेळपट्टीवर रूळ फिरवायचा. पगार महिना तीन रुपये. १८९२ मध्ये बाळू गोऱ्यांच्या पूना जिमखान्यात लागले. तिथे चार रुपये मिळू लागले. रूळ फिरवायचा, चुन्याच्या रेघा मारायच्या, जाळी बांधायची आणि साहेब लोक फलंदाजीचा सराव करायला आले की त्यांना चेंडू टाकायचे.

बाळू डाव्या हाताने संथ फिरकी टाकत. चेंडू हवेत कधी वर द्यायचा, कधी सपाट सोडायचा, कुठला आत वळवायचा आणि कुठला बाहेर काढायचा, हे सगळं ते या जाळीत शिकले. शिकवणारा कुणी नव्हता. समोर रोज नवा फलंदाज होता आणि हातात अख्खा दिवस होता. कॅप्टन ग्रेग नावाचा एक उत्तम इंग्रज फलंदाज तासभर आधी येऊन बाळूंकडून सराव करून घेई. आपल्याला बाद केलंस की दर वेळी आठ आणे, असा त्याने सौदा केला होता म्हणतात. महिन्याला चार रुपये मिळवणाऱ्या पोराला एका बळीचे आठ आणे म्हणजे जवळजवळ चार दिवसांचा पगार! चेंडू वळायला आणखी काय हवं?

मात्र बाळू पुढे आपल्या मुलाला सांगत, की त्या सगळ्या वर्षांत जिमखान्यात एकदाही कुणी त्यांच्या हाती बॅट दिली नाही. हजारो चेंडू टाकले, पण एकही खेळायला मिळाला नाही. फलंदाजी साहेबाची, गोलंदाजी नोकराची. वर्गात मुलांना वर्णव्यवस्था शिकवताना मी पुष्कळदा हे उदाहरण देत असे. धर्मग्रंथातले श्लोक सांगून जे डोक्यात शिरत नाही, ते या एका गोष्टीने शिरतं.

हळूहळू पुण्यात चर्चा सुरू झाली. गोऱ्यांच्या जिमखान्यात एक पोऱ्या आहे आणि त्याचे चेंडू साहेबांना कळत नाहीत. त्या वेळी पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायची फार हौस होती. पण हा पोऱ्या चांभाराचा! क्लबात दोन तट पडले. शेवटी जिंकायची हौस सोवळ्यापेक्षा वरचढ ठरली आणि बाळू संघात आले.

आता गंमत पाहा. गंमत म्हणायला जीभ रेटत नाही, पण दुसरा शब्दही सुचत नाही. मैदानात बाळूंनी टाकलेला चेंडू सगळे झेलत, हातात घेत, पुसून परत त्यांच्याकडे टाकत. त्या चेंडूचा विटाळ होत नसे. चहाची सुट्टी झाली की बाकीचे खेळाडू आत जाऊन कपबशीतून चहा पीत आणि बाळूंना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. ते भांडं एकदा वापरून फेकून द्यायचं. तोंड धुवायचं असलं तर त्यांच्याच जातीतला नोकर कोपऱ्यात पाणी आणून देई. जेवण वेगळं, पान वेगळं. ज्या हाताने सामना जिंकून द्यायचा, त्याच हाताला पाण्याच्या माठाला शिवायची बंदी.

या संघाने पुण्यात गोऱ्यांना हरवलं. मग साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याशी सामना झाला. बाळूंची फिरकी चालू नये म्हणून तिथल्या मंडळींनी म्हणे कित्येक दिवस रूळ फिरवून खेळपट्टी मुर्दाड करून ठेवली होती. बाळूंनी तरीही सात गडी बाद केले. या विजयानंतर न्यायमूर्ती रानड्यांनी जाहीरपणे विचारल्याचं सांगतात, की ज्याच्याबरोबर तुम्ही खेळता त्याच्याबरोबर बसून खायला-प्यायला तुम्हाला हरकत का असावी? प्रश्न साधा होता. पण त्याचं उत्तर द्यायला पुण्याला बरीच वर्षं लागली.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पाठोपाठ पुण्यातही. बाळू पुढे मुंबईला आले. लष्करात आणि नंतर बी. बी. सी. आय. रेल्वेत त्यांनी नोकरी केली. भुसावळच्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको, की त्या काळी रेल्वे ही नुसती नोकरी नव्हती. जिथे जातीपेक्षा काम आधी विचारलं जाई, अशी ती मोजक्या जागांपैकी एक होती. रेल्वेच्या संघातून बाळू खेळू लागले आणि मुंबईच्या हिंदू जिमखान्यानेही त्यांना घेतलं. तिथेही काही सभासदांचा विरोध होता, पण जाणत्या मंडळींनी तो बाजूला सारला. पुण्याच्या मानाने मुंबईत मोकळीक अधिक होती. इथे ते संघातल्या इतरांबरोबर बसून खाऊ-पिऊ लागले.

१९०६ हे वर्ष खानदेशाच्या इतिहासातही महत्त्वाचं आहे. त्याच वर्षी जुन्या खानदेश जिल्ह्याची वाटणी होऊन जळगावचा पूर्व खानदेश आणि धुळ्याचा पश्चिम खानदेश झाला. बंगालच्या फाळणीमुळे देशभर स्वदेशीचं वारं होतं. आदल्या वर्षी जपानने रशियाला हरवलं होतं, त्यामुळे गोरा माणूस हरू शकतो ही गोष्ट लोकांच्या मनात नव्याने जागी झाली होती. अशा वेळी फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदूंचा संघ युरोपियनांशी खेळला आणि १०९ धावांनी जिंकला. बाळूंची गोलंदाजी हा त्या विजयाचा कणा होता. 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या मुंबईच्या नियतकालिकाने तेव्हा लिहिलं, की हा विजय जातीचं बंधन सैल केल्याचं फळ आहे. चर्मकार भावांना बरोबर घेतलं म्हणून आपण जिंकलो, तसंच देशाच्या बाबतीतही होईल, असा त्या लिखाणाचा रोख होता. पुढच्या वर्षी हिंदू पुन्हा जिंकले, तेही २३८ धावांनी.

१९११ साली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग कर्णधार होते. संघात पारशी होते, मुसलमान होते, हिंदू होते आणि त्यांतच बाळू व शिवराम हे दोघे भाऊ होते. बाळूंचं वय तेव्हा पस्तीस. महाराजांचं लक्ष खेळापेक्षा समारंभांकडे जास्त होतं, थोडे सामने खेळून ते बाजूला झाले. संघ बहुतेक सामने हरला. प्रथम दर्जाच्या चौदा सामन्यांपैकी दहा हरला आणि फक्त दोन जिंकला, लेस्टरशायर आणि सॉमरसेटविरुद्धचा. लेस्टरशायरविरुद्ध बाळूंनी अकरा गडी बाद केले. सॉमरसेटविरुद्ध शिवरामने नाबाद शतक काढलं. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात बाळूंनी १०३ धावांत आठ गडी टिपले. खांदा दुखत असताना ते साऱ्या उन्हाळाभर गोलंदाजी करत राहिले आणि दौऱ्यात एकूण ११४ बळी घेऊन परतले.

हिंदुस्थानचं कसोटी क्रिकेट सुरू व्हायला अजून एकवीस वर्षं होती. म्हणजे बाळूंच्या नावापुढे एकही कसोटी सामना लागलेला नाही. आकड्यांत बोलायचं तर प्रथम दर्जाचे ३३ सामने आणि १७९ बळी, तेही दर बळीमागे जेमतेम पंधरा धावा देऊन. क्रिकेट कळणाऱ्यांना या आकड्याचं वजन सांगायला नको.

इंग्लंडहून परतल्यावर मुंबईतल्या दलित समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या वेळी त्यांना दिलेल्या मानपत्रामागे एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणारा एक तरुण होता. त्या तरुणाचं नाव भीमराव आंबेडकर. बाबासाहेबांना तरुणपणी बाळूंचा मोठा अभिमान होता, हे त्यांच्याविषयी लिहिणाऱ्यांनी नोंदवलं आहे. साहजिकच आहे. गोऱ्यांना त्यांच्याच भूमीवर, त्यांच्याच खेळात चकवून आलेला आपल्यातला माणूस, ही गोष्ट वीस वर्षांच्या मुलाला केवढी वाटली असेल!

पण एक गोष्ट बाळूंना कधीच मिळाली नाही. ती म्हणजे कर्णधारपद. मुंबईच्या तिरंगी आणि नंतर चौरंगी सामन्यांत हिंदू संघाचे ते सर्वांत अनुभवी खेळाडू होते. गोलंदाजी त्यांनी करायची, सामना त्यांनी जिंकून द्यायचा, नाव मात्र दुसऱ्याचं. एम. डी. पै कर्णधार असत. पै मोठ्या मनाचे गृहस्थ होते. १९१३ मध्ये त्यांनी सत्काराला उत्तर देतानाच सांगून टाकलं, की हा मान ज्येष्ठ म्हणून बाळूंना मिळायला हवा होता. निवड करणाऱ्यांनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. हाताखाली घ्यायला हरकत नव्हती, हाताखाली जायला होती. हा फरक आपल्या समाजात आजही ओळखू येतो.

१९२० साली पै आजारी पडले तेव्हा कर्णधारपद पालवणकरांना डावलून दुसऱ्याकडे दिलं गेलं. वर बाळूंना संघातूनही वगळलं. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल यांनी संघातून अंग काढून घेतलं आणि जातीमुळे अन्याय होतो आहे, हे पत्रक काढून उघडपणे सांगितलं. वर्तमानपत्रांत चर्चा झाली आणि लोकांनी भावांची बाजू घेतली. शेवटी पुढच्या सामन्यात पै परत आले, भाऊ परत आले आणि बाळूंना उपकर्णधार केलं गेलं. त्या सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ बाळूंनी संघाची सूत्रं सांभाळली. साऱ्या आयुष्यात नेतृत्व मिळालं ते एवढंच. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, धाकटा भाऊ विठ्ठल रीतसर कर्णधार झाला. हिंदूंनी युरोपियनांना हरवलं आणि लोकांनी विठ्ठलला खांद्यावर घेऊन मैदानातून नेलं. थोरल्याने लावलेल्या झाडाचं फळ धाकट्याने खाल्लं, पण घरात तर आलं. विठ्ठलरावांनी पुढे 'माझे क्रीडा-जीवन' या नावाने आठवणी लिहिल्या. जुन्या वाचनालयात कुठे ते पुस्तक मिळालं तर जरूर वाचा.

इथे थोडं लांब जाऊ या. ऑस्ट्रेलियात फुटबॉलचा एक वेगळाच प्रकार खेळतात. लंबगोल चेंडू, क्रिकेटचंच लंबगोल मैदान, एकेका बाजूला अठरा खेळाडू आणि दोन्ही टोकांना चार-चार खांब. क्रिकेटवाल्यांनी हिवाळ्यात अंग जड होऊ देऊ नये म्हणून १८५८-५९ च्या सुमारास मेलबर्नला हा खेळ निघाला. त्याचा एक जनक टॉम विल्स. याच विल्सने १८६६ मध्ये तिथल्या मूळ रहिवाशांच्या क्रिकेट संघाला तयार केलं. पुढे १८६८ मध्ये असा एक संघ इंग्लंडला जाऊन ४७ सामने खेळून आला. ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला गेलेला तो पहिला क्रिकेट संघ होता. म्हणजे गोऱ्या ऑस्ट्रेलियनांच्या आधी काळे ऑस्ट्रेलियन गेले होते!

या फुटबॉलमध्ये डग निकल्स नावाचा एक खेळाडू होऊन गेला. १९०६ चा जन्म, मूळ रहिवाशांच्या वस्तीतला. उंची जेमतेम सव्वापाच फूट, पण पाय वाऱ्यासारखे. १९२७ मध्ये तो कार्लटन या नामांकित क्लबात नशीब आजमावायला गेला. तिथे खेळाडूंचं अंग रगडून देणाऱ्या माणसांनी त्याच्या काळ्या अंगाला हात लावायला नकार दिला. तो निघून गेला आणि नॉर्थकोट नावाच्या दुसऱ्या क्लबाकडून खेळला. १९३२ मध्ये फिट्झरॉय या मोठ्या क्लबाने त्याला घेतलं. पहिल्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत तो कोपऱ्यात एकटा बसला होता. तेव्हा संघातला सर्वांत नावाजलेला खेळाडू हेडन बंटन उठून त्याच्या शेजारी जाऊन बसला. फिट्झरॉयकडून निकल्स ५४ सामने खेळले. १९३५ मध्ये व्हिक्टोरिया प्रांताच्या संघात निवडले गेलेले ते पहिले मूळ रहिवासी ठरले. खेळ संपल्यावर ते पाद्री झाले, आपल्या लोकांच्या हक्कांसाठी झटले, १९७२ मध्ये 'सर' झाले आणि १९७६ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाचे राज्यपाल झाले. आज तिथल्या फुटबॉलमध्ये दरवर्षी सामन्यांची एक फेरी त्यांच्या नावाने खेळतात.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की माणसाला दूर ठेवण्याची रीत जगभर सारखी असते. तिकडे अंग रगडायचा हात, इकडे चहाचं मातीचं भांडं. आणि ती मोडण्याची रीतही सारखीच असते. कुणीतरी आपल्या जागेवरून उठून शेजारी जाऊन बसावं लागतं. पण एक फरक आहे. निकल्स आपल्या लोकांबरोबर राहिले आणि आपल्या लोकांनी त्यांना आपलं मानलं. बाळूंच्या वाट्याला तेवढं सरळ काही आलं नाही.

ज्या १९३२ साली निकल्स फिट्झरॉयमध्ये गेले, त्याच वर्षी आपल्याकडे फार मोठी घडामोड झाली. आपल्या धुळ्याच्या तुरुंगात त्या वर्षी फेब्रुवारी ते जून विनोबा गीतेवर प्रवचनं देत होते आणि साने गुरुजी ती उतरवून घेत होते. ऑगस्टमध्ये ब्रिटिश पंतप्रधानांनी जातीय निवाडा जाहीर केला. त्यात अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. बाबासाहेबांची ती मागणी होती. गांधीजींनी त्याविरुद्ध येरवड्यात उपोषण मांडलं. बाळू तेव्हा मद्रासच्या एम. सी. राजांच्या बाजूचे होते. मतदारसंघ एकत्र असावेत आणि जागा राखीव असाव्यात, असं त्यांचं मत होतं. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. त्याखाली सही करणाऱ्यांत बाबासाहेब होते आणि पालवणकर बाळूही होते. स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि ७१ जागांऐवजी १४८ राखीव जागा आल्या. त्या करारावरचा वाद आजही मिटलेला नाही. १९३५ मध्ये बाबासाहेबांनी इथून जवळच, येवल्याला, हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. तीही बाळूंना पटली नाही.

डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या पूर्व खानदेशात, फैजपूरला, काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. त्यानंतर दोन महिन्यांनी निवडणूक आली. बाबासाहेबांसमोर उभं करायला काँग्रेसला गिरणगावात घराघरांत माहीत असलेलं नाव हवं होतं. ते नाव होतं बाळूंचं. निकाल मी सुरुवातीलाच सांगितला.

काही वर्षांपूर्वी मी हीच हकीगत एका ठिकाणी सांगत होतो. तेव्हा कॉलेजातल्या एका मुलाने अहिराणीतून विचारलं, "सर, तो ते बाबासाहेबना विरोधमा उभा ऱ्हायना व्हता ना?" म्हणजे, मग त्याचं कौतुक कशाला? प्रश्न रोखठोक होता आणि त्यात काही गैर नव्हतं. त्याला मी जे उत्तर दिलं, तेच इथे मांडतो.

बाळूंचं सारं आयुष्य एका अनुभवावर उभं होतं. दार बंद असतं, आपण आपल्या कामात इतके तरबेज व्हायचं की आतल्या लोकांना आपली गरज पडावी. मग दार थोडं उघडतं. मातीच्या भांड्याचं कपबशीत रूपांतर होतं. पुढे भाऊ कर्णधार होतो आणि लोक त्याला खांद्यावर घेतात. हे सगळं त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे हिंदू समाज आतून बदलेल, त्यातच राहून तो बदलायचा, असं त्यांना वाटलं तर ते भोळेपणाचं म्हणता येणार नाही. त्यांच्यापुरता तो घडलेला इतिहास होता.

बाबासाहेबांचा प्रश्न वेगळा होता. ज्याच्या डाव्या हातात फिरकी नाही, त्याचं काय? प्रत्येक अस्पृश्य माणसाने १७९ बळी घेतल्यावरच त्याला माणूस म्हणायचं का? जो साधा आहे, ज्याच्या अंगी कुठलाही विशेष गुण नाही, त्यालाही पाण्याच्या हौदापर्यंत जाता आलं पाहिजे. आणि तो त्याचा हक्क असला पाहिजे, जिंकून आणलेलं बक्षीस नव्हे. महाड त्यासाठीच झालं. मला विचाराल तर या वादात बाबासाहेब बरोबर होते. बाळूंच्या स्वतःच्या आयुष्यानेच ते सिद्ध केलं आहे. एवढा मोठा गोलंदाज, पण त्याला कर्णधारपदासाठी जन्मभर दारात उभं राहावं लागलं. मग बाकीच्यांनी कुणाच्या मोठेपणाच्या भरवशावर राहायचं?

पण म्हणून बाळूंना गाळून टाकायचं का? एल्फिन्स्टनमधल्या त्या विद्यार्थ्याने जेव्हा बाळूंचा अभिमान बाळगला, तेव्हा त्याला महार आणि चांभार हा भेद आठवला नव्हता आणि पुढच्या निवडणुकाही माहीत नव्हत्या. जे दार नंतर बाबासाहेबांनी सगळ्यांसाठी कायद्याने उघडलं, ते पहिल्यांदा हलवून पाहणाऱ्यांत बाळूंचा हात होता. दोघांचं पुढे पटलं नाही, हे खरं. मतभेद असलेल्या माणसाला इतिहासातून काढून टाकलं की मतभेदही समजेनासा होतो. मग उरतात नुसते जयजयकार.

आपल्याकडच्या काही मंडळींची अडचण उलटी आहे. त्यांना बाळू फार सोयीचे वाटतात. पाहा, गुण असले की जात आड येत नाही, असं म्हणायला त्यांचं नाव घेतात. त्यांना मी मातीच्या भांड्याची आठवण करून देतो. जात आड आली होती, रोज येत होती. ती ओलांडायला जेवढी ताकद लागली तेवढी ताकद खेळात लागली असती, तर त्या हाताने आणखी किती बळी घेतले असते, याचा हिशेब कुठल्याच धावफलकावर नाही.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळू वारले. सव्वा वर्षाने, १४ ऑक्टोबर १९५६ ला, बाबासाहेबांनी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि डिसेंबरात तेही गेले. मुंबईत प्रभादेवीला एका रस्त्याला पी. बाळू यांचं नाव आहे. २००२ मध्ये रामचंद्र गुहांनी हिंदुस्थानी क्रिकेटचा सामाजिक इतिहास लिहिला आणि तेव्हापासून इंग्रजी वाचणाऱ्यांना बाळू थोडे कळू लागले. आपल्या शाळांतल्या मुलांना मात्र अजून ते भेटलेले नाहीत. जळगाव-धुळ्याच्या मैदानांवर आज कुठल्याही रविवारी शेकडो पोरं खेळताना दिसतात. त्यांतलं एखादं डावखुरं पोर फिरकी टाकत असेल तर त्याला हे नाव जरूर सांगा. आणि नाव सांगाल तेव्हा ११४ बळीही सांगा, मातीचं भांडंही सांगा आणि दोन हजार वीस मतंही सांगा. यातलं एकही वगळलं तर गोष्ट पुरी होणार नाही.